तो कप वेगळा कशाला?

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांबद्दल घरात आणि वस्तीत थोडे मोकळे बोलू या

आपल्या वस्तीतले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्यांचे. भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, फळीवर ओळीने लावलेली स्टीलची भांडी. त्या ओळीच्या शेवटी, जरा दूर, एक कप पालथा घातलेला आहे. त्या कपात घरातले दुसरे कुणी चहा पीत नाही. तो धाकट्या सुनेचा कप. तिचे ताट वेगळे, टॉवेल वेगळा, झोपायची सतरंजी कोपऱ्यात. लेकरे तिच्या मांडीवर जाऊन बसली की कुणीतरी हळूच हाक मारून त्यांना बोलावून घेते. तिला कुणी शिवी देत नाही, कुणी अंगावर धावून जात नाही. "आमी तिले कधी काई म्हटलं नाई," असे घरचे सांगतात आणि ते खोटेही नसते.

पण कप वेगळा आहे.

हे कुठल्या एका घराचे चित्र नाही. घरातल्या माणसाला एचआयव्ही आहे हे कळले की चांगल्या, शिकल्यासवरल्या घरांतही असेच होते. आपल्या घरात ते झाले तर आपल्याला जास्त टोचायला हवे. वेगळा पेला, वरून ओतलेले पाणी, उंबऱ्याबाहेरची जागा हे सगळे आपल्या आजी-पणजींनी भोगले आहे. त्याच विटाळाविरुद्ध बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात आपल्या माणसांनी ती जुनी रीत मागे टाकली. मग रोगाचे नाव घेऊन तोच विटाळ आपल्या स्वयंपाकघरात परत कसा आला?

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन आणि ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन. या दोन दिवसांच्या मधल्या आठवड्यात एवढा एक प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

कपातून काय जाते, काय जात नाही

आधी रोग समजून घेऊ. एचआयव्ही हा एक विषाणू आहे. शरीराची रोगाशी लढणारी जी ताकद असते, तिच्यावर तो हल्ला करतो. उपचार न घेता बरीच वर्षे गेली की ही ताकद संपत जाते आणि टीबीसारखे आजार अंगात घर करतात. त्या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक माणसाला एड्स असतो, हे म्हणणे चूक. वेळेवर औषध सुरू केलेला माणूस त्या अवस्थेपर्यंत जात नाही.

हा विषाणू चार वाटांनी जातो. निरोध न वापरता केलेला लैंगिक संबंध, दूषित रक्त, एकाची सुई दुसऱ्याने वापरणे, आणि उपचार न घेणाऱ्या आईकडून बाळाला: गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना. पाचवी वाट नाही.

एका ताटात जेवल्याने तो जात नाही. कपाने, ग्लासाने, माठातल्या पाण्याने जात नाही. मिठी मारल्याने, हात हातात घेतल्याने, लेकराची पापी घेतल्याने जात नाही. एकच संडास वापरल्याने, एकत्र कपडे धुतल्याने, खोकल्या-शिंकल्याने जात नाही. डास चावल्यानेही जात नाही. तिने मळलेल्या कणकेच्या पोळीने तर नाहीच. दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश मात्र वेगळा असावा, पण तो घरातल्या प्रत्येकाचाच वेगळा असावा. जखमेतून रक्त येत असेल तर कुणाचीही जखम हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला लावून पुसावी. एवढी काळजी पुरते.

म्हणजे तो कप वेगळा ठेवून घरातल्या कुणाचाही रोगापासून बचाव होत नाही. त्या कपाचे काम एकच: घरातल्या एका माणसाला रोज दोन वेळा आठवण करून देणे की तू आता आमच्यातली नाहीस.

गोळी फुकट आहे, पण घेता येत नाही

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या रोगाची जी भीती होती, तिला कारण होते. औषधे महाग होती आणि माणसे डोळ्यांदेखत झिजून जात होती. आज तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीचे औषध मोफत मिळू लागले. या उपचाराला एआरटी म्हणतात. पूर्वी शरीराची ताकद ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावरच औषध सुरू करत. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही आढळला की लगेच औषध देण्याचे धोरण आहे. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. रोज न चुकता, ठरलेल्या वेळी, जन्मभर. बीपीच्या किंवा शुगरच्या गोळीसारखीच.

गोळी नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की यंत्राच्या तपासणीतही सापडत नाही. या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. ज्याचा विषाणू असा दबलेला आहे आणि दबलेलाच राहतो, त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जगभरच्या अभ्यासांतून हे सिद्ध झाले आहे. गरोदर बाईने वेळेवर औषध घेतले तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पाचांपेक्षाही खाली येतो. उपचारच घेतले नाहीत तर तो पंधरा ते पंचेचाळीसपर्यंत असतो. एचआयव्ही असलेली बाई निरोगी लेकराची आई होऊ शकते. असलेला माणूस नोकरी करू शकतो, घर बांधू शकतो, नातवंडे खेळवू शकतो.

देशात सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही ठिकाणी एआरटी केंद्र आहे. तरी माणसे औषध सोडतात किंवा सुरूच करत नाहीत. कारण औषधात नसते, आजूबाजूच्या नजरेत असते.

मेडिकलच्या रांगेत वस्तीतले कुणी दिसले तर? म्हणून माणूस दोन बस बदलून दुसऱ्या गावच्या केंद्रात जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडवतो. डबीवरचे नाव कुणी वाचू नये म्हणून बाई ते खरवडून टाकते, नाहीतर गोळ्या डाळीच्या डब्यात लपवते. पाहुणे आले की गोळी राहून जाते. लग्नाला चार दिवस माहेरी गेली की चार दिवस राहून जाते. अशा खंडामुळे विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि मग अधिक कडक औषधांवर जावे लागते. खोकला दोन आठवड्यांच्या वर चालला तरी दवाखान्यात न जाणारा माणूस टीबीने जातो, आणि वस्तीत म्हणतात, "एड्सनं गेला." खरे तर तो लपवण्याने गेला. आणि लपवायला त्याला आपण लावले.

"कुठून आला?"

एचआयव्हीचे नाव निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. "कुठून आणला याने?" "बाहेर जात होता काय?" "ट्रकवर होता न तो?" रोगाच्या आधी माणसाचे चारित्र्य तपासले जाते. जणू एचआयव्ही हा विषाणू नसून एखाद्याच्या वागणुकीचा दाखला आहे.

आपल्याच शहरातली गोष्ट आठवा. मे २०२२ मध्ये नागपुरातल्या थॅलेसेमियाच्या चार लहान मुलांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. त्यांतले एक मूल दगावले होते. या आजारात लेकरांना जगण्यासाठी वारंवार रक्त चढवावे लागते आणि लागण त्या चढवलेल्या रक्तातून झाल्याचे सांगितले गेले. अन्न व औषध प्रशासनाने चौकशी सुरू केली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस पाठवली. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्हीसाठी तपासणी सक्तीची आहे. पण लागण अगदी ताजी असेल तर साध्या तपासणीत ती दिसत नाही. 'नॅट' नावाची अधिक बारीक तपासणी ती लवकर पकडते. आपल्या वस्त्यांत सिकलसेलची लेकरे आहेत, त्यांनाही कधी कधी रक्त लागते. त्यांच्या आई-वडिलांनी रक्त परवानाधारक रक्तपेढीतूनच घ्यावे आणि ते नॅट तपासलेले आहे का हे जरूर विचारावे. भीतीपोटी रक्त चढवणे टाळू मात्र नये.

त्या चार लेकरांना कुणी "कुठून आणला?" असे विचारेल काय? नाही विचारणार. सगळे हळहळतील. पण इथेच आपण आणखी एक चूक करतो. लेकरू बिचारे, त्याचा काय दोष, असे म्हणताना उरलेल्यांना दोषी ठरवून मोकळे होतो. रक्तातून झाला तो बिचारा, नवऱ्याकडून झाला ती अर्धी बिचारी, आणि ज्याला संबंधातून झाला तो भोगेल आपल्या कर्माची फळे! विषाणूला असे गट कळत नाहीत आणि औषधालाही कळत नाहीत. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी वर्णव्यवस्था आपण नाकारली. रोगावरून माणसांची उतरंड लावायची तर तीच व्यवस्था नव्या नावाने चालवण्यासारखे आहे. लागण कशीही झाली असो, माणूस आजारी आहे आणि त्याला उपचार मिळाले पाहिजेत. आपल्यासाठी एवढे पुरे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. त्याला हगवण लागली होती आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. तथागत आनंदासह विहारातून फिरत असताना त्याच्यापाशी थांबले. त्यांनी विचारले की तुला काय होते आहे आणि तुझी सेवा कोण करते. कुणीच करत नाही, असे कळल्यावर तथागतांनी पाणी आणवले, आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले आणि उचलून खाटेवर निजवले. मग संघाला सांगितले की इथे तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे; ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

तथागतांचे दोन प्रश्न लक्षात ठेवू या. काय होते आहे? आणि सेवा कोण करते?

पहिले बोट सुनेकडे

या रोगाचा मार बाईवर दुहेरी बसतो. पोर गरोदर राहिली की सरकारी दवाखान्यात तिची एचआयव्ही तपासणी होते. ही चांगली गोष्ट आहे, त्यामुळे बाळ वाचते. पण घरात सर्वांत आधी तपासणी तिची होते म्हणून रोग आधी तिच्यात सापडतो, आणि ज्याच्यात आधी सापडला त्यानेच आणला, असे घर ठरवून टाकते. नवऱ्याची तपासणी झालेली नसते. बरेचदा तो जायलाच तयार नसतो. "आमचं पोरगं चांगलं होतं, इनंच आणला," हे वाक्य कित्येक बायांनी ऐकले आहे. पुढे नवरा उपचाराविना गेला तर "नवऱ्याले खाल्लं" हेही तिच्याच माथी. मग हळूहळू तिला माहेरी धाडले जाते, घरावरचा तिचा आणि लेकरांचा हक्क विसरला जातो.

सासू-सासऱ्यांनो, दिरांनो, एवढे समजून घ्या. तपासणी आधी कुणाची झाली यावरून लागण आधी कुणाला झाली हे कळत नाही. तिची तपासणी पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याने त्याच आठवड्यात स्वतःची करून घ्यावी. नवराबायको दोघांनी एकत्र केंद्रात जावे. भांडणाला तिथेच अर्धा पूर्णविराम मिळतो, कारण समुपदेशक दोघांना समोर बसवून सगळे समजावून सांगतात.

लग्नाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे हल्ली स्थळ पाहताना सिकलसेलबद्दल विचारतात, तशी मुलगा-मुलगी दोघांनी लग्नाआधी राजीखुशीने एचआयव्ही तपासणी करून घेतली तर त्यात काही गैर नाही. एकट्या मुलीकडेच ती मागणे मात्र गैर. ज्याला आपली लागण माहीत आहे त्याने ती होणाऱ्या जोडीदारापासून लपवू नये. गुप्ततेचा हक्क वस्तीच्या तोंडांपासून वाचण्यासाठी आहे, जोडीदाराला अंधारात ठेवण्यासाठी नाही.

भीतीने काय काय केले

भीतीच्या भरात सरकारेही वाहवली आहेत. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण होता. तो नियमित रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. गोव्याच्या तेव्हाच्या कायद्याचा आधार घेऊन त्याला एका ओस पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. गुन्हा काही नव्हता. त्याची आई लूसी हिने उच्च न्यायालयात दाद मागितली. बाहेर आल्यावर डॉमिनिक आपल्यासारख्यांसाठी उभा राहिला. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला.

मुंबईत एका सरकारी कंपनीतल्या रोजंदारी कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर केले गेले. तो काम करायला धडधाकट होता. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. माणूस काम करू शकतो आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या कामगाराचे खरे नाव आजही निकालात नाही, दोन अक्षरे आहेत. नाव उघड न करता लढू देण्याची मुभा न्यायालयाने त्याला दिली.

लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी 'सेवालय' सुरू केले. ही मुले गावातल्या शाळेत जाऊ लागली तेव्हा २००९ मध्ये पालकांनी आपापली मुले घरी बसवली. एका बाकावर बसल्याने, एका मैदानात खेळल्याने रोग जातो असे त्यांना वाटत होते. शाळेच्या दारात अडवलेले लेकरू म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कुणी नव्याने सांगायला नको.

कायदा तुमच्या बाजूने आहे

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

• एचआयव्ही आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढणे, शाळेत प्रवेश नाकारणे, दवाखान्यात उपचार नाकारणे किंवा भाड्याच्या घरातून बाहेर काढणे बेकायदा आहे.
• नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. तपासणी माणसाच्या संमतीनेच होते.
• कुणाला एचआयव्ही आहे ही माहिती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर सांगता येत नाही.
• एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणारे लिहिणे-बोलणे हा गुन्हा आहे. त्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
• राहत्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. घरातून किंवा घराच्या कुठल्याही भागातून त्या माणसाला वगळता येत नाही. घरातल्या सोयी त्याला इतरांसारख्याच वापरता आल्या पाहिजेत.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. न्हाणी, नळ, चूल, कप हे सगळे त्यात आले.

तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूद या कायद्यात आहे. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. एचआयव्ही असलेल्या गरजूंना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचाही लाभ घेता येतो. तहसील कार्यालयात त्यासाठी अर्ज करता येतो.

आपण काय करू शकतो

महिला मंडळाच्या बैठकीत एक दिवस या विषयाला द्या. सरकारी केंद्रातल्या समुपदेशकांना विहारात बोलवा, प्रश्न विचारा. चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न दिले तर बाया मोकळ्या होतात. तरुण मंडळांनी भीमजयंतीच्या आरोग्य शिबिरात हा विषय ठेवावा. कुणाची लागण तुम्हाला कळली असेल तर ती तुमच्यापाशीच राहू द्या, अगदी सख्ख्या बहिणीलाही सांगू नका. आणि 'एड्सवाली', 'पॉझिटिव्हवाला' असे कुणाचे नाव पाडू नका. नाव आहे ना तिला, त्या नावाने हाक मारा.

आणि ज्या घरात तो कप आहे, त्या घराने उद्या सकाळी एवढेच करावे. तो कप बाकीच्या कपांत मिसळून ठेवावा. कुणाला कोणता आला हे कळू नये अशा रीतीने चहा ओतावा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने, आजीने किंवा आजोबांनी, तिच्या शेजारी बसून तो प्यावा. लेकरे बघत असतात. त्यांना पुस्तकातला चवदार तळ्याचा धडा त्या दिवशी बरोबर समजेल.

लक्षात ठेवा

• माहितीसाठी फोन: १०९७. फोन मोफत आहे, नाव सांगावे लागत नाही.
• तपासणी: मेडिकल, मेयो, डागा आणि इतर सरकारी दवाखान्यांतल्या आयसीटीसी केंद्रात. मोफत आणि गुप्त.
• धोका झाल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. तीन महिन्यांनी ती पुन्हा करा.
• दूषित सुई टोचली किंवा बलात्कारासारखी घटना घडली तर लागण टाळणारे औषध असते. ते ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करावे लागते. तडक सरकारी दवाखाना गाठा.
• एआरटीची गोळी एक दिवसही चुकवू नका. बाहेरगावी जाताना पुरेशा गोळ्या सोबत घ्या.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन घटणे असे काही असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. तीही मोफत आहे.

जय भीम!